सुपरस्टिशन डोंगरातली खाण की व्हॅमची लूट? अभ्यास कुठून सुरू करावा

पायवाट:

नमस्कार मंडळी. मुक्काम चँडलर, ॲरिझोना. नोव्हेंबर ते मार्च शनिवार-रविवार मोकळे आहेत आणि दोन जुनी कोडी अभ्यासाला घ्यायची आहेत. एक, फीनिक्सच्या पूर्वेला सुपरस्टिशन डोंगरात असल्याचं सांगतात ती जेकब वॉल्ट्झची सोन्याची खाण, म्हणजेच 'लॉस्ट डचमन'. दुसरं, ११ मे १८८९ रोजी फोर्ट ग्रँटहून फोर्ट थॉमसला सैनिकांचे पगार घेऊन निघालेल्या मेजर जोसेफ व्हॅमच्या गाड्यांवर पडलेला दरोडा. त्यात गेलेले २८,३४५ डॉलर पुन्हा हाती लागले नाहीत.

कागदपत्रं कुठली बघू, आणि कुठल्या क्रमाने? दोन्हींपैकी कशात दम आहे? कायद्याने काय चालतं? डिटेक्टर घ्यायचा तर कुठल्या प्रकारचा? नकाशे विकणाऱ्या वेबसाइट भरपूर दिसतात, त्यांच्यावर पैसे घालवायचे नाहीत एवढं ठरलेलं आहे.

जुनी_पाने:

पायवाट, दोन्ही विषय चांगले निवडलेत, पण त्यांची जात वेगळी आहे. व्हॅमच्या लुटीला पहिल्या दिवसापासून कागद आहे. वॉल्ट्झचं तसं नाही. त्याच्याकडे माणसाचे कागद आहेत, खाणीचा एकही नाही.

आधी वॉल्ट्झ. तो जर्मन. 'डॉइच'चं बोलीत 'डच' झालं म्हणून डचमन, हॉलंडशी संबंध नाही. १९ जुलै १८६१ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याला नागरिकत्व मिळालं. १८६० च्या दशकात प्रेस्कॉटच्या बाजूला, ब्रॅडशॉ डोंगराच्या परिसरातल्या क्लेमच्या (खनिज काढायच्या नोंदवलेल्या हक्काच्या) नोंदींत त्याचं नाव सापडतं. १८६८ च्या सुमारास त्याने सॉल्ट नदीच्या उत्तर काठावर १६० एकर जमीन धरली. फेब्रुवारी १८९१ च्या महापुरात ते घर-शेत गेलं आणि २५ ऑक्टोबर १८९१ ला फीनिक्समध्ये ज्युलिया थॉमसच्या घरी तो वारला. पुढच्याच उन्हाळ्यात ज्युलिया पेट्राश बंधूंना घेऊन डोंगरात शोधायला गेली आणि रिकाम्या हाताने परतली. १८९५ च्या जानेवारीत पिअरपाँट बिकनेलचा लेख सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आला आणि गोष्ट गावाबाहेर पडली. १९३१ मध्ये ॲडॉल्फ रूथ नकाशा घेऊन डोंगरात गेला, बेपत्ता झाला, डिसेंबरात त्याची कवटी सापडली, आणि मग देशभर गाजावाजा झाला.

हा क्रम पाठ करा, कारण सगळी परीक्षा यावरच आहे. एक वही करा, चार रकाने आखा: खूण काय, ती पहिल्यांदा छापून कधी आली, छापणाऱ्याला कुणी सांगितली, आणि सांगणारा वॉल्ट्झला भेटला होता का. 'मावळतीचं ऊन खाणीच्या तोंडावर पडतं', 'खाणीतून लष्करी वाट दिसते पण वाटेवरून खाण दिसत नाही' अशा प्रत्येक खुणेला एक ओळ द्या. बहुतेक खुणांचा दुसरा रकाना वॉल्ट्झच्या मृत्यूनंतरचा निघतो, आणि बऱ्याच तर १९३१ नंतरच्या. खाण आधी मेक्सिकन पेराल्टा कुटुंबाची होती आणि अपाचेंनी त्यांची कत्तल केली, या कहाणीला समकालीन पुरावा नाही. पेराल्टाचे कोरीव दगड अपाची ट्रेलवरच्या म्युझियममध्ये ठेवलेत. जरूर बघा, पण त्यांवरच्या रेघा नकाशावर बसवत बसू नका. त्या दगडांचं खरेपणच वादात आहे.

कागद कुठे मिळतील: वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिक्लिंग अमेरिका' आणि ॲरिझोना मेमरी प्रोजेक्ट, दोन्ही फुकट. फ्लॉरेन्स, ग्लोब, टूम्बस्टोन, फीनिक्स या चारही गावांची पत्रं चाळा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकाच स्पेलिंगने शोधणं. वॉल्ट्झच्या शेवटी टीझेड, नुसतं झेड, नुसतं एस, मध्ये ए-ऐवजी ओ, असं काहीही छापलेलं असतं, शिवाय मशीनने वाचताना 'एल'चं 'आय' होतं. म्हणून नावाऐवजी जागा आणि वस्तू शोधा: डोंगराचं नाव अधिक 'क्वार्ट्झ', अधिक 'लॉस्ट माइन', आणि तारखेची मर्यादा १८७० ते १८९५. मग काउंटी रेकॉर्डरकडची क्लेमची पुस्तकं. पिनाल, मॅरिकोपा आणि यावापाई या तीन काउंट्या बघा, कारण हद्दी बदलत गेल्या. जमिनीचे मूळ नकाशे बीएलएमच्या (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, संघीय जमिनींचं खातं) जनरल लँड ऑफिस रेकॉर्डमध्ये आहेत. नुसता नकाशा उतरवू नका, मोजणीदाराच्या फील्ड नोट्सही मागवा. 'इथे वाट ओलांडली', 'डावीकडे खड्डा', 'झोपडी' असल्या ओळी तिथेच असतात.

या नोट्स वाचताना एकक लक्षात ठेवा. त्यांची साखळी ६६ फुटांची, तिचे १०० दुवे, ८० साखळ्यांचा मैल. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे बरोबर अर्धी साखळी, त्यामुळे सातबारा वाचणाऱ्याला अंदाज पटकन बसतो. स्पॅनिश-मेक्सिकन कागदात 'वारा' हे माप येतं, ते साधारण ३३ इंच. वारा म्हणजे यार्ड समजून चालणारा दर १०० वाऱ्यांना आठ-साडेआठ यार्ड पुढे जाऊन पोहोचतो.

आता लुटीची परीक्षा, आणि ही कुठल्याही पुरलेल्या खजिन्याला लावा: वजन करा. वीस डॉलरचं सोन्याचं नाणं ३३.४४ ग्रॅमचं. 'दोघांनी एक लाख डॉलरचं सोनं घोड्यावर टाकून पळवलं' असं कुणी लिहिलं तर ती ५,००० नाणी झाली, म्हणजे १६७ किलो. सामानाचं खेचर डोंगरात ७० ते ९० किलो नेतं. तेच एक लाख चांदीच्या डॉलरमध्ये असतील तर २,६७३ किलो, तीस खेचरांचा तांडा. निम्म्या दंतकथा इथेच गळतात. व्हॅमची रक्कम सगळी सोन्यात धरली तरी ४७ किलो. पाच-सहा जणांनी वाटून घेतली तर प्रत्येकाच्या खोगीरपिशवीत सहज बसते. म्हणजे गोष्ट वजनाच्या परीक्षेत उतरते.

पण पुरली का? इथे दरोडेखोर कोण होते ते बघावं लागतं. वाटेत मोठी शिळा ढकलून ठेवली, सैनिक ती हटवायला उतरले आणि वरच्या कड्यावरून गोळीबार सुरू झाला. आठ सैनिक जखमी झाले, मेलं कुणी नाही. सार्जंट बेंजामिन ब्राउन आणि कॉर्पोरल आयझाया मेझ या दोन कृष्णवर्णीय सैनिकांना शौर्याबद्दल मेडल ऑफ ऑनर मिळालं. पकडले गेले ते पिमा गावाच्या आसपासचे शेतकरी-पशुपालक. टूसॉनला खटला चालला आणि सगळे आरोपी सुटले. त्यांनीच लुटलं होतं असं धरलं, तर गावात घर, शेत, कर्ज असलेला आणि निर्दोष सुटलेला माणूस पैसा जमिनीत कशाला ठेवेल? तो हळूहळू खर्चतो. पुरलेला पैसा तिथेच राहतो जिथे पुरणारा परागंदा झाला, तुरुंगात गेला किंवा अचानक मेला. म्हणून 'लूट कुठे पुरली' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न 'पुरणाऱ्याला परत यायला काय आडवं आलं' हा, आणि व्हॅमच्या बाबतीत त्याचं उत्तर सापडत नाही.

तरी अभ्यासाला व्हॅमच घ्या. साक्षी, अंतरं, वेळा, गाड्यांचा क्रम, सगळं न्यायालयात नोंदलेलं आहे. ॲरिझोनाच्या जुन्या संघीय न्यायालयांची दप्तरं नॅशनल आर्काइव्हजच्या कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड शाखेकडे असतात. आधी ईमेलने खटल्याचं नाव-साल देऊन पेटी शोधून घ्या, मगच जा.

गारगोटी:

वर कागदाचं आलंच आहे, मी दगडाचं सांगतो, कारण खाण गोष्टीत कुठेही असू शकते, जमिनीत नाही.

सुपरस्टिशनचा बराचसा गाभा ज्वालामुखीचा आहे: राखेचे थर, चिकटून घट्ट झालेला टफ, लाव्हा. डोंगर दिसायला भव्य, पण हे थर कोवळे आहेत, दोन कोटी वर्षांच्या आसपासचे. या भागातलं ज्ञात सोनं त्याखालच्या जुन्या ग्रॅनाइटमध्ये, क्वार्ट्झच्या शिरांत मिळालं. हे जुने खडक जिथे भ्रंशाने (जमीन तुटून सरकल्याने) वर आले किंवा वरचं आवरण झिजून उघडे पडले, तिथेच शिरेला हात लागतो. डोंगराच्या पश्चिम पायथ्याला गोल्डफील्ड आहे, आणि तिथली मॅमथ खाण १८९२-९३ मध्ये हाती लागली. वॉल्ट्झ तेव्हा जिवंत नव्हता. म्हणून खाणीच्या गोष्टींत नेहमी येणाऱ्या वीव्हर्स नीडल या सुळक्याभोवती फेऱ्या मारण्यापेक्षा पायथ्याच्या भ्रंशरेषा समजून घेणं जास्त शहाणपणाचं. दुसरी शक्यताही वहीत लिहा: त्याच्याकडचं उंची खनिज दुसऱ्याच खाणीतलं असणं. विकेनबर्गची व्हल्चर खाण १८६३ पासून चालू होती आणि खाणीतून डब्यात दडवून उंची खनिज बाहेर नेणं हा त्या काळचा सर्रास प्रकार होता.

जुन्या बातम्यांत खनिजाची किंमत 'टनाला ५० डॉलर' अशी येते. तेव्हा सोनं औंसाला २०.६७ डॉलर होतं. भागा, २.४ ट्रॉय औंस येतात, म्हणजे २,००० पौंडांच्या टनात सुमारे ७५ ग्रॅम. हे करून बघितल्याशिवाय कुठल्याही आकड्याने हुरळून जाऊ नये. आणि 'निवडक नमुना' असं लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या, कारण तो ढिगाऱ्यातला सर्वांत चांगला तुकडा असतो.

हाताने शिकायचं असेल तर सुपरस्टिशन वाइल्डरनेस या संरक्षित जंगलाच्या हद्दीबाहेर शिका. ॲरिझोनातले प्रॉस्पेक्टिंग क्लब स्वतःचे क्लेम बाळगतात, वार्षिक वर्गणीत तिथे धुलाई करता येते. विकेनबर्गजवळच्या सॅन डोमिंगो वॉशचा परिसर शिकायला चांगला. आपल्याकडचे झारेकरी सोनारपेठेतली धूळ धुतात, काम तेच आणि मुद्दाही तोच: सोन्याची घनता १९.३, क्वार्ट्झची २.६५, काळ्या वाळूची पाचच्या आसपास. म्हणून सोनं तळाशी बसतं, पण त्याला बसायला वेळ द्यावा लागतो.

३५ सेंटीमीटरची परात घ्या. माती ६ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा आणि परात दोन-तृतीयांश भरा. पाण्याखाली धरून चिकणमातीची ढेकळं बोटांनी पूर्ण फोडा. नवशिक्याचं सोनं इथेच जातं, ढेकळाला चिकटून परातीबाहेर. मग परात सपाट धरून आडवी वीस-तीसदा हलवा, थोडी कलती करून वरची वाळू पाण्याबरोबर सोडा, पुन्हा सपाट, पुन्हा हलवा. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. ती वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा आणि उरलेलं भिंगातून बघा. बारीक सोनं पाण्यावर तरंगतं, त्यासाठी टबात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाका. वाळवंटात ओढा कोरडाच असणार, म्हणून गाडीत टब आणि २० लिटर पाणी न्या. हात बसला का ते तपासायला शिशाचे दहा बारीक छर्रे चपटे करून मातीत मिसळा आणि धुवा. नऊ-दहा परत आले तर ठीक, सहा आले तर अजून घाई होतेय.

पिवळं चमकणारं सगळं सोनं नसतं हे माहीत असतंच, ओळखायचं कसं ते सांगतो. सुईचं टोक दाबा: सोनं दबतं, सुवर्णमाक्षिक (पायराइट) भुगा होतं, अभ्रक पापुद्र्याने सुटतं. बाथरूमच्या टाइलची मागची खरखरीत बाजू घेऊन घासा. सोन्याची रेघ पिवळीच येते, पायराइटची हिरवट काळी. सोनाराच्या कसोटीचंच हे गरिबाघरचं रूप.

सातबारा:

कायद्याचा भाग नीट वाचा, कारण यात हौशी माणसं अडकतात.

सुपरस्टिशन वाइल्डरनेस साधारण १,६०,००० एकर, टाँटो नॅशनल फॉरेस्टमध्ये. १ जानेवारी १९८४ पासून तिथे नवीन खाण-क्लेम घेता येत नाही. म्हणजे खरी शीर सापडली तरी ती तुमची होणार नाही. यंत्र, वाहन, ड्रोन उतरवणं, खणणं, सगळं बंद. पुरलेल्या खजिन्यासाठी फॉरेस्ट सर्व्हिसचा विशेष परवाना लागतो. त्यात जागा, पद्धत, किती खणणार आणि पूर्ववत कसं करणार हे द्यावं लागतं, आणि वाइल्डरनेसमध्ये तो मिळणं फार अवघड. नुसतं चालणं, बघणं, फोटो काढणं, जीपीएसवर खूण करणं याला आडकाठी नाही. तुमचा बहुतेक अभ्यास यात बसतो.

१९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने संघीय आणि आदिवासी जमिनीवरची १०० वर्षांहून जुनी वस्तू संरक्षित ठरू शकते. विनापरवाना उकरली तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद. वस्तूची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च मिळून ५०० डॉलरच्या वर गेला तर २०,००० डॉलर आणि दोन वर्षं. गाडी आणि अवजारंही जप्त होऊ शकतात. व्हिसावर असाल तर फौजदारी नोंद काय करते ते वेगळं सांगायला नको.

नॅशनल पार्कात डिटेक्टर जोडलेल्या अवस्थेत जवळ बाळगणंच गुन्हा आहे. राज्याच्या ट्रस्ट जमिनीचा मनोरंजन परवाना फिरण्या-राहण्याचा आहे, खणण्याचा नाही. व्हॅमच्या परिसराला लागून सॅन कार्लोस अपाची आरक्षित प्रदेश आहे, तिथे जमातीच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. शिवाय व्हॅमचा पैसा सैन्याच्या पगाराचा, म्हणजे सरकारचा. सापडला तरी 'सापडेल त्याचा' हा नियम त्याला लावू नका.

बीएलएमच्या जमिनीवर जाण्याआधी त्यांच्या ऑनलाइन नोंदीत चालू क्लेम तपासा. दुसऱ्याच्या क्लेमवर सोनं उचलणं ही चोरीच. गोल्डफील्डच्या बाजूला पेटंट झालेले क्लेम म्हणजे चक्क खासगी मालकी. खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि कागदात चार गोष्टी असू द्या: तारखा, कुठला तुकडा, खड्डे कोण बुजवणार, सापडलं तर वाटा किती. तोंडी परवानगी पहिलं नाणं दिसेपर्यंतच टिकते.

करही आहे. सापडलेला खजिना ज्या वर्षी निर्विवाद ताब्यात आला त्या वर्षीचं उत्पन्न धरतात. १९६९ च्या सेसारिनी खटल्यात पंधरा डॉलरला घेतलेल्या जुन्या पियानोत निघालेल्या ४,४६७ डॉलरवर कर द्यावाच लागला.

आणि हे वाचून कुणी सुट्टीत गावी गेल्यावर किल्ल्यावर डिटेक्टर फिरवायला जाऊ नये. तिकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. संरक्षित गडावर खणणं हा वेगळा गुन्हा.

पायवाट:

सर्वांचे मनापासून आभार. मग व्हॅमचे कागद, आणि हात बसवायला क्लबचे क्लेम असं ठरवतो. एका खासगी रँचवर लेखी परवानगी मिळायची शक्यता आहे, तिथे जुन्या घोडागाडी थांब्याचा पाया आहे. तिथे डिटेक्टर कसा वापरावा? दुसरी शंका: वीव्हर्स नीडलची चार वाजताची सावली जिथे पडते तिथे खाण, असं ठिकठिकाणी वाचलं. त्याचा हिशोब करता येतो का?

खणखण:

एकच डिटेक्टर सगळं करत नाही. बारीक सोन्याच्या कणांना व्हीएलएफ, म्हणजे नेहमीच्या प्रकारचा डिटेक्टर, पण उच्च वारंवारतेचा, ४५ किलोहर्ट्झच्या आसपासचा. खनिजांनी भरलेल्या, काळ्या वाळूच्या जमिनीत खोलवरच्या गोट्यासाठी पल्स इंडक्शन, म्हणजे ठोक्याठोक्याने लहरी सोडणारा, पण तो प्रत्येक खिळ्याला ओरडतो. पुरलेल्या डब्या-मडक्यासाठी मोठी कॉइल, ३५-४० सेंटीमीटरची, किंवा दोन पेट्यांचा डिटेक्टर. हा दुसरा सुटं नाणं बघतच नाही आणि तोच त्याचा फायदा, कारण थांब्याच्या जागी खिळे, नाल, काडतुसं शेकड्याने असतात. खोलीचा हिशोब असा धरा: सुटं नाणं २०-२५ सेंटीमीटर, बरणीएवढा ऐवज मोठ्या कॉइलने अर्धा मीटर, पातेल्याएवढा दोन पेट्यांनी मीटरभर. जाहिरातीतले आकडे हवेत मोजलेले असतात.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे लोखंड गाळायची सोय चालू ठेवणं. त्या काळी पैसा बिडाच्या भांड्यात, पत्र्याच्या डब्यात पुरत. लोखंड गाळलंत की डबाही गाळला जातो. 'सगळे धातू'वरच ठेवा आणि आवाज कानाने निवडा.

आधी अंगणात सराव. खणण्यापूर्वी ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइनींच्या खुणा करून घ्या. मग लोखंडी कढईत दोन-तीन किलो पितळ ठेवून, झाकण लावून, ४५ सेंटीमीटरवर पुरा. शेजारी एक नाल १५ सेंटीमीटरवर. आता कॉइल हळूहळू वर उचला. नालेचा आवाज थोड्या उंचीला तुटतो, कढईचा त्याहून वर उचललं तरी राहतो, आणि रुंद लागतो. हा फरक कानात बसेपर्यंत रँचवर जाऊ नका, नाहीतर दिवसभर नाल उकराल.

जमिनीचा समतोल प्रत्येक नव्या मातीत पुन्हा करा: धातू नसलेली जागा बघा, कॉइल दोन ते पंधरा सेंटीमीटर उंचीत वरखाली करा, आवाज सपाट होईपर्यंत. ज्वालामुखीचे काळे दगड खोटा आवाज देतात, तो कॉइल दुसऱ्या दिशेने फिरवली की बदलतो किंवा नाहीसा होतो. धातूचा आवाज चारही दिशांनी त्याच जागी येतो. सुतळीने एक-एक मीटरचे पट्टे आखा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढू द्या. पायाच्या आत कमी आणि बाहेर जास्त वेळ द्या: जुनं झाड, विहीर, कुंपणाचा कोपरा, संडासामागची बाजू. पुरणाऱ्याला रात्रीच्या अंधारात परत ओळखता येईल अशी खूण हवी असते, आणि खिडकीतून जागा दिसावी लागते.

कातळकडा:

सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुन्या खाणीच्या तोंडातून आत जाऊ नका. आत तळाशी पाण्याखाली किंवा कुजक्या फळ्यांखाली उभी विहीर असते, टॉर्चच्या उजेडात ती डबक्यासारखी दिसते. हवेचं मेणबत्तीने तपासतात ते सोडून द्या: ज्योत विझते तोवर ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आलेला असतो आणि डोकं आधीच चालेनासं झालेलं असतं. मीटर १९.५ लाच ओरडतो. उभ्या शाफ्टच्या काठावरही वाकू नका, तोंडाची जमीन आतून खाल्लेली असते. जुन्या डायनामाइटच्या कांड्यांवर घाम किंवा स्फटिक दिसले तर हात न लावता मागे फिरा आणि शेरिफला कळवा.

पाणी हिवाळ्यातही माणशी चार लिटर, उन्हात तासाला एक. निम्मं संपलं की परत, मग समोर काहीही असो. जुलै २०१० मध्ये युटाहून खाण शोधायला आलेले तिघे परत आले नाहीत, पुढच्या जानेवारीत त्यांचे अवशेष सापडले. पहिली फेरी पेराल्टा ट्रेलने फ्रीमाँट सॅडलपर्यंत करा: जायला साधारण पावणेचार किलोमीटर, चढ ४०० मीटरच्या आसपास, आणि वर पोहोचलात की सुळका समोर उभा. खिशात एक स्वस्त मोठ्या दातांचा कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा काटेरी गोळा अंगाला लागला तर हाताने ओढू नका, तो बोटांत बसतो. कंगवा गोळ्याखाली सरकवून झटका द्या.

जुनी_पाने:

पायवाट, सावलीचा हिशोब करता येतो, आणि केला की ती खूण कशी निसटते तेही दिसतं. सुळका पायथ्यापासून ३०० मीटर धरा. घड्याळी चार वाजता २१ जूनला सूर्य साधारण ४३ अंश वर आणि बरोबर पश्चिमेला असतो, सावली ३०० मीटरच्या थोडी वर, पूर्वेकडे. २१ डिसेंबरला चार वाजता सूर्य १३ अंशांवर आणि नैऋत्येला, सावली सव्वा किलोमीटर, ईशान्येकडे. दिशेत ४० अंशांचा फरक. म्हणजे तारीख नसलेली 'चार वाजताची सावली' ही एक जागा नाही, किलोमीटरभराचा पंखा आहे. त्यात १८८३ पूर्वी गावोगावी सूर्यावरून लावलेली वेगळी वेळ होती, ती चूक वर.

होकायंत्राच्या दिशेचंही तसंच. चुंबकीय उत्तर सरकत राहतं. फीनिक्सपाशी आज फरक सुमारे १० अंश पूर्व आहे, १८८० च्या दशकात तो जास्त होता. मोजणीदाराने त्या दिवशीचा फरक नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो, तोच वापरा. नसेल तर नोआ या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेच्या संकेतस्थळावर साल आणि जागा टाकून काढा. तीन अंश चुकले तर किलोमीटरमागे ५२ मीटर बाजूला जाता, आणि अर्ध्या मीटर रुंदीच्या डिटेक्टरसाठी ५२ मीटर म्हणजे दुसरं गावच.

व्हॅमसाठी पहिलं काम: साक्षींतली सगळी अंतरं एका तक्त्यात घ्या, कुणी कुठून बघितलं ते लिहा. मग यूएसजीएसच्या (अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) टोपोव्ह्यू या संकेतस्थळावरून सर्वांत जुना टोपो नकाशा उतरवून आजच्या नकाशावर बसवा. बसवताना रस्ते किंवा ओढे धरू नका, ते सरकतात. डोंगरमाथे आणि सेक्शनचे (मोजणीच्या एक मैल चौकोनांचे) कोपरे धरा, निदान सहा. मोजणीदाराने रोवलेला कोपऱ्याचा दगड जागेवर सापडला तर त्यावरच्या खाचा मोजा: दक्षिण आणि पूर्व कडेच्या खाचा टाउनशिपची (३६ सेक्शनच्या गटाची) हद्द किती मैलांवर आहे ते सांगतात. दगडाला हात लावू नका, तो हलवणं संघीय गुन्हा आहे. फोटो काढा, जीपीएस घ्या आणि तक्ता तिथून पुढे भरा.